जमैकाच्या पुतळ्या

मी एकदा जमैकात जाऊन पंधरा केळी खाल्ली आणि त्यापायी माझं लग्न मोडायला आलं होतं.

लढाई नुकतीच सुरू झाली होती. म्हसवडकडच्या आमच्या गावात पाऊस नव्हता आणि मला शेतीत रस नव्हता, म्हणून मी मुंबई गाठली आणि एका मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागलो. ते जहाज हिंडत हिंडत जमैका नावाच्या बेटाला लागलं. पगारापैकी पंधरा शिलिंग हातावर पडले. चांदीची, पांढरीशुभ्र नाणी. बंदराबाहेर एक बाई केळी विकत बसली होती. मी बोटानं एक केळं दाखवलं आणि एक शिलिंग दिला. तिनं मोड म्हणून माझ्या ओंजळीत अकरा नाणी ओतली. पिवळीधमक, रुपयाएवढी, एका बाजूला राजाचं मुंडकं!

आता आमच्याकडं पैसा असायचा तांब्याचा आणि रुपया चांदीचा. पिवळं नाणं मी फक्त पाटलीणबाईंच्या गळ्यात, पुतळ्यांच्या माळेत ओवलेलं पाहिलं होतं. (आपल्याकडं पिवळे आणे पुढं दोनेक वर्षांनी निघाले. सरकारनं थोडी घाई केली असती तर मी वाचलो असतो.) मला वाटलं, बाई खुळी आहे. चांदीचं एक नाणं घेऊन सोन्याची अकरा परत देते! तिला शहाणपण सुचायच्या आत मी तिथून पसार झालो.

मग मी डोकं चालवलं. एकाच ठिकाणी पुन्हा गेलो तर संशय यायचा, म्हणून प्रत्येक केळं वेगळ्या विक्रेत्याकडून घेतलं आणि दर वेळी अख्खा शिलिंग मोडला. सगळं बेटच भोळं निघालं. पहिली पाच केळी चवीनं खाल्ली, पुढची पाच कर्तव्य म्हणून आणि शेवटची पाच डोळे मिटून. जहाजावर कुणाशी अवाक्षर बोललो नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की ती तिथली पेनी आहे आणि बारा पेनींचा एक शिलिंग होतो. पण सोन्याबद्दल चारचौघांत विचारायला मी काय मूर्ख होतो?

शेरापेक्षा जड थैली घेऊन मी गावात उतरलो. मामांनी (वडील नव्हते, त्यामुळं कर्ते तेच) थैलीत हात घातला आणि त्यांचा आवाजच बदलला. असा हुशार पोरगा पंचक्रोशीत नाही, असं सांगत ते पार सांगलीपर्यंत फिरले. पंधरवड्यात तिकडच्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी सांगून आली. हौसाला मी बघण्याच्या वेळी एकदाच पाहिलं आणि नंतर मला जेवण गोड लागेना. नवरीला पुतळ्यांची माळ आमच्याकडून, असं मामांनी ठासून सांगितलं. नाण्याच्या मागं मगर का आहे, असं सुभेदारांनी विचारलं, तर मामा म्हणाले, ते गंगामाईचं वाहन.

माळ ओवून घ्यायला आम्ही तिघं सांगलीच्या एका सराफाकडं गेलो. त्यानं एक नाणं कसोटीच्या दगडावर घासलं. दुसरं घासलं. मग चष्मा काढून सुभेदारांना म्हणाला, "पितळ हाय."

सुभेदार माझ्याकडं वळले. "मला फसवतुस व्हय रं? लबाडाच्या घरात माझी पोर न्हाई द्यायची."

हौसा हातची चालली, एवढंच मला कळलं. रडकुंडीला येऊन मी सगळं सांगून टाकलं. ती बाई, ती मोड, पंधराच्या पंधरा केळी. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लबाड जावई नगं," ते म्हणाले. "खुळा चालंल, पोरीच्या ऐकण्यात तरी ऱ्हाईल. पर तू खुळाच हाईस, ह्याला साक्षीदार कोन?"

ज्या मामांनी माझ्या हुशारीचे पोवाडे गायले होते, ते ताडकन पुढं झाले. "आवं, जन्मापासनं हाय!"

आणि त्यांनी सुरुवात केली. मी एकाच इयत्तेत तीन वर्षं कसा बसलो. बाजारात विकायला नेलेली आमचीच म्हैस मी दलालाला वर पैसे देऊन परत कशी आणली. सराफाच्या दुकानात माणसं जमायला लागली. सुभेदारांची खात्री पटत आली होती, पण पुरती नव्हे. मी मान खाली घालून उभा होतो आणि मनातल्या मनात हात जोडून म्हणत होतो, मामा, अजून एक सांगा!