विमानातला हादरा

शिवरामकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून कुणीतरी ओरडलं, "अगं, तळमजल्यावरचे काका गेले गं..." हातातला टॉवेल पिळायचा राहिला होता. मी तो आधी पिळला, दोरीवर टाकला, आणि मग खाली गेले. अशा वेळी माणूस काय करेल, सांगता येत नाही. आता महिना होत आला. थकल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. रडायचं म्हटलं तरी अंगात बळ लागतं.

काका रबाळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मूळचे महाडकडचे, आम्हीही तिकडचेच, त्यामुळे वाशीच्या आमच्या इमारतीत पहिल्या दिवसापासून घरोबा. इस्त्री, मिक्सर, पंखा, कुणाचं काही बिघडलं की काका खाकी पिशवी घेऊन हजर. पिशवीत पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर, शिवाय एक निळी वही. काय बिघडलं आणि कशामुळे, हे तीत लिहिल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. कारखान्याची सवय. "मशीन खोटं बोलत नाय, मानूस बोलतो," म्हणायचे.

आमच्या दोन खोल्यांत कपडे वाळवायचा ड्रायर होता, हे आज सांगून कुणाला पटणार नाही. माझे थोरले दीर कुवेतला होते, त्यांनी आईसाठी विमानाने पाठवलेला. सासूबाई तो आल्यागेल्याला नवी सून दाखवावी तसा दाखवत. (खऱ्या सुनेचं एवढं कौतुक झालं नव्हतं.) पावसाळ्यात मात्र तो खरोखर कामी आला, कारण माझी लेक तेव्हा तीन महिन्यांची, आणि खाडीच्या दमट हवेत लंगोट दोन-दोन दिवस वाळत नसत. ड्रायरच्या पाठीमागून एक जाड पाइप खिडकीबाहेर सोडला होता, त्यातून गरम हवा भसाभस बाहेर जायची. मला ते बघवेना. एवढी ऊब फुकट घालवायची? एका दुपारी सासूबाई बाहेर गेल्या तशी मी तो पाइप आत ओढला आणि बाळाच्या ओलसर गोधड्यांच्या घडीत त्याचं तोंड खुपसलं. अर्ध्या तासाने बघते तर आतला ड्रम फिरतोय, कपडे मात्र गारच! पाइप मुकाट्याने जागेवर लावला आणि गप्प बसले. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरे गेले होते, माझ्या पायगुणाची कुजबुज घरात अजून थांबली नव्हती. त्यात हे कळलं असतं तर माझी काही खैर नव्हती.

काकांना बोलावलं. त्यांची रीत ठरलेली, आधी साधं बघायचं, मग अवघड. प्लग बघितला, फ्यूज बघितला, कपड्यांचा भुगा अडवणारी जाळी झटकली. मग मागचं झाकण काढून टेस्ट लॅम्पची दोन टोकं हवा तापवणाऱ्या कॉइलला लावली. दिवा लागला, म्हणजे कॉइल शाबूत. शेवटी कॉइलच्या डब्यावरच्या बटणाएवढ्या तुकड्याला टोकं लावली. दिवा लागला नाही. "ह्यो कटआउट गेलाय. आत उष्णता कोंडली की ह्यो आधी जळतो, म्हून घर वाचतं."

"मग तो काढून डायरेक्ट जोडा ना काका," माझा नवरा म्हणाला.

"नाय रं बाबा. नवा आनल्याबिगर चालू करायचा नाय." मग स्वतःशीच पुटपुटले, "पन कोंडली कशानं?" आणि पाइप सोडवून त्याचं तोंड उजेडात धरलं. कडेला कापसाचा पुंजका आणि एक लाल दोरा अडकला होता. माझ्या आईने लाल दोऱ्याने शिवलेली गोधडी समोरच दोरीवर होती. काकांनी दोऱ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय ओ भावजी, कुनी हात लावला काय त्याला?" सासूबाई माझ्याकडेच बघत म्हणाल्या.

"नाय वयनी," काका दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "विमानातनं येताना हादरा बसला आसंल."

महिन्याभराने दिरांनी कुणाबरोबर तरी नवा तुकडा पाठवला, काकांनी तो बसवला. जाता जाता मला एकटीला म्हणाले, "पोरी, हवेला वाट मोकळी ठेव." तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी आभार मानले नाहीत, कबूलही केलं नाही. आज बोलू, उद्या बोलू... आपला भित्रेपणा आपल्याला माहीत असतो. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्या शेवटपर्यंत विमानालाच बोल लावत होत्या.

परवा काकूंनी बोलावलं. त्यांना वाचता येत नाही. "यांची वही वाचून दाव गं जरा..." मी वाचत गेले. अख्ख्या इमारतीचा वेंधळेपणा होता तीत. मिक्सरमध्ये चमचा राहिला. इस्त्री बादलीत पडली. 'पंखा उलटा फिरतो, कारण वायर मीच उलटी जोडली,' हेसुद्धा. काकू हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. मग आमच्या घराचं पान आलं. बिघाड: कटआउट जळाला. कारण: विमानात हादरा.

"हां, ते विमानाचं," काकू म्हणाल्या, "मला बी सांगितलेलं त्यांनी."

म्हणजे बायकोलासुद्धा खरं सांगितलं नाही... मला पुढचं पान उलटवेना.

"काकू, विमान नव्हतं. मी होते."

सगळं सांगितलं, गोधडीपासून. काकू वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "मग तसं लिव तिथं. त्यांची वही खोटी ऱ्हायला नको."

काकांची पेन्सिल वहीच्या शिवणीत खोचलेली होती. तिला टोक काढून ठेवलेलं होतं.