भिंती हादरतात

गोकुलममधल्या आमच्या शेजारच्या कन्नड काकांना रॉक संगीताची वंशावळ पाठ आहे. ब्लूज आजोबा, रॉक अँड रोल बाप आणि काकांचा लाडका इंग्रज बँड म्हणजे घर डोक्यावर घेणारा नातू. दर रविवारी काकांच्या स्पीकरवरून हा नातू आमची गल्लीही डोक्यावर घ्यायचा. मुलांच्या परीक्षा आल्या, तेव्हा मी ठणकावून निषेधपत्रक लिहिलं आणि काकांच्या हातात दिलं.

"अय्यो, 'भिंती हादरतात' लिहिलंस?" काका खुलले. "विलायतेतही लोक हेच बोंबलले, अल्वा, हो की नाही? या बँडच्या आधी गिटार बिचारी साथीला बसायची. भिंती यांनीच हादरवल्या."

"काका, मुलांनी अभ्यास कसा करायचा?"

"मग परीक्षा होईपर्यंत बंद, पोरी."

शब्द त्यांनी पाळला. पत्रक मात्र चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "शेजारच्या मुलीनं लिहिलंय. या बँडचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलं नाही."