लोखंडी चाकंच बरी

शहागडच्या पुलाजवळ टायरवाल्याचं एक दुकान हाय. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं न्हाई.

नातीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीला हलकी, महागाची अलॉय चाकं होती. माझ्या गाडीची लोखंडी चाकं पाहून ते हसले. मला ते लागलं. साखरपुड्याला जालन्याला त्यांच्या दारात अलॉय लावूनच जायचं, असं ठरवून मी शहागडला गेल्तो.

दुकानवाला डोळे मिटून चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. तशीच त्याला वाकलेली जागा कळायची.

मी अलॉय मागितली, तसं त्यानं विचारलं, "काका, गाव कोणतं?"

"तीर्थपुरीच्या पुढं. रस्ता समदा खड्ड्याचा."

"मंग न्हाई देत."

"फुकट मागून राह्यलो का?"

"तसं न्हाई. चाक हलकं असलं की गाडी चट उठती, पण सडक बराबर पाहिजे. तुमच्या खड्ड्यात हे चिरंल. लोखंड वाकलं तर मी ठोकून सरळ करतो. चिरलेल्यावर माझा हात चालत न्हाई. ते मी तुमच्या गळ्यात कसं मारू?"

मी बापाचं ऐकलं न्हाई, पण त्याचं ऐकलं. त्यानं माझी चारी चाकं ठोकून सरळ केली अन् पुसून दिली.

साखरपुड्याला व्याही म्हणले, "आबा, चाकं तीच का?"

"तीच," मी चारचौघांत बोललो. "आमच्या रस्त्यावर तुमची चाकं टिकायची न्हाईत. ही टिकतेत."


मानपानाच्या वक्ताला व्याह्यांनी मानाची टोपी मलाच आधी घातली.