निवदावरचं तूप

तेल्हारा सोडलं तवा गजूनं, माह्या पोरानं, गाडीत सारं सामान टाकलं. तुपाची बरनी मात्र मी मांडीवर घेतली, ते अमरावती येईस्तोर सोडली नाई. माह्या बायकोनं कढवलेलं शेवटचं तूप होतं ते.

तुमाले, तेल्हाऱ्यातल्या लोकायले, ठाऊकच हाय, माहं नाक बारा वर्सं झाले बंद हाय. जुनं सायनस. डाक्तर म्हने, आत सूज हाय, मासाचे कोंब वाढले. आपरेशन केलं, गोळ्या खाल्ल्या. गोळ्यायनं आठ दिवस वास आला, तवा मी घरभर हुंगत फिरलो, बायकोच्या केसायचं तेलही हुंगलं. मंग पुन्हा बंद. तवापासून तीच माहं नाक. दूध नासलं, दाळ लागली, सदरा घामेजला, सारं तीच सांगे. अन् पितरायच्या दिवशी दरसाल बजावे, "निवदाचा वास घेऊ नका." मी म्हनो, घेऊ कायनं? ती हासे.

ती गेल्यावर यंदा अक्षय तृतीयेले, पितरायच्याच दिवशी, पहिला निवद तिचा. सूनबाईनं फ्लॅटमधल्या किचनात पुरनपोळ्या केल्या. मी बरनी काढली. सूनबाईनं झाकन उघडून नाकाजोळ नेली, त मी खेकसलो, निवदाचं हुंगत नाईत. ती बाजूले झाली. मी सढळ हातानं तूप ओतलं.

गजूनं मान खाली घालून चार पोळ्या खाल्ल्या. मले त गोड-खारट सोडून चव नाई. मी इचारलं, आईच्या हातचंच हाय न?

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेल्यावर सूनबाई माह्याजोळ बसली. "मामाजी, तूप खवट झालं होतं. यायले रात्री दोनदा उलटी झाली. तुमाले सांगू नको म्हने. पन उरलेलं तुमी खासान, म्हनून सांगून राहिली."

मी बरनीत नाक घातलं. लय वेळ घातलं. कायीच नाई. मंग तिले म्हटलं, धुऊन टाक.

आता ती रोज सकाळी दुधाचं भांडं हुंगते अन् म्हनते, "चांगलं हाय, मामाजी."

तुमी फोनवर इचारता, तिकडं घरावानी वाटते काय. तेल्हाऱ्याचं घर कुलपात हाय. तिथं कायी सडलं त मले सांगनारं कोनी उरलं नाई. इथं एक जन सांगते. बायको नाई ते. पन सांगते.