पाठीमागचा फोटो

फोटोकाका कुठेही गेले की आधी मागे जायचे. देऊळ असो, चर्च असो, किल्ला असो. समोर सगळे सेल्फी काढत असताना हा माणूस भिंतीला वळसा घालून पलीकडे. पुढचा एक फोटो काढायचे, उपकार केल्यासारखा, आणि पाठीमागचे पाच. "समोरून सगळंच चांगलं दिसतं," म्हणायचे. "समोरून चांगलं दिसावं म्हणून तर ते केलेलं असतं."

हा संशय त्यांना नोकरीने लावला होता. वसईतल्या एका स्टुडिओत तीस वर्षं त्यांनी लोकांचे फोटो सुधारले. मुरमं पुसायची, टक्कल भरायचं, दोन हनुवट्यांची एक करायची. स्थळासाठी पाठवायचे फोटो तर खास त्यांच्याकडे. "एका मुलीची मी इतकी सफाई केली," ते सांगायचे, "की बघायला आलेला मुलगा तिलाच म्हणाला, ताई, मुलीला बोलवा ना बाहेर." स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने निरोप म्हणून एक जुना डिजिटल कॅमेरा दिला. तो घेऊन काका मनवेलपाड्यात आमच्या चाळीत राहायला आले. एकटेच. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "फोटो आले होते की. पण सगळे माझ्याच हातचे."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही, न विचारता सांगते. वडील कामणच्या गोदामात माल चढवायचे-उतरवायचे, आई चाळीमागच्या नव्या बिल्डिंगीत तीन घरांची धुणीभांडी करायची. फिरणं हे पैसेवाल्यांचं काम, अशी आमच्याकडे समजूत होती. ती काकांनी मोडली. मी कॉलेजात असताना रविवारी सकाळी दारातून हाक यायची, "काय कॉलेजवाली, येतेस का?" चपाती-भाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि बसचं तिकीट, एवढ्यात दिवस निघायचा. तिकीट मात्र शेवटच्या स्टॉपचं. "सगळे मधेच उतरतात," काका हळूच म्हणायचे, "म्हणजे पुढे काहीतरी असणार."

पुढे कधी नुसतं मिठागर असायचं, कधी एखाद्या गावाचा सण. एकदा एका चर्चच्या सणाला गेलो होतो. पुढे रोषणाई, नवे कपडे, माणसांची ही गर्दी. काका मला घेऊन मागे. तिथे बँडवाले कोटाची बटणं सोडून जेवत बसले होते आणि एकाने आपलं ट्रम्पेट तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेतलं होतं. काका फोटो काढू लागले तशी गावातली एक म्हातारी पुढे आली. "कोन रे तुम्ही? मागे काय काढता? बिल्डरची मानसं काय?"

"नाय गं बाय," काका म्हणाले. "बिल्डर पुढून येतो."

म्हातारी हसली. मूठभर चणे दिले. काकांनी त्यातले दोन आधी मला खायला लावले, मग स्वतः खाल्ले.

चाळीचा गणपती मागच्या गल्लीच्या तोंडाशी बसायचा. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा काका कॅमेरा घेऊन मंडपामागे निघाले, तर शेजारच्या मालतीकाकू वाटेत कमरेवर हात ठेवून उभ्या. "गणपतीची पाठ बघू नये. दारिद्र्य येतं."

"कारखान्यात रंगवताना कुणीतरी बघितलीच असेल ना," काका म्हणाले.

"त्याला आलंच आहे. म्हणून तर तो अजून मूर्त्याच रंगवतोय."

सगळे हसले, काकाही. पण फोटो काढलेच त्यांनी. बांबू, वायरी, सुतळीच्या गाठी, आणि त्यामागे आमच्या चाळीच्या मोऱ्यांची रांग.

पंधरा दिवसांनी महापालिकेची नोटीस आली. चाळीत प्रत्येकाने मागच्या बाजूला पत्रे ठोकून मोरी वाढवली होती. फोटोसह तक्रार आली आहे, ते वाढीव बांधकाम काढून टाका. आमच्या मोरीला दार होतं. आडोशाला साडी न बांधता अंघोळ करणं आईला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा मिळालं होतं. ती नोटीस वडिलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि आई दार लावून मोरीत जाऊन बसली.

संध्याकाळी नळावर निकाल लागला. मागून फोटो कोण काढतं? आठ-दहा जण काकांच्या दारात गेले. मीही होते.

"बोला ना काका," मालतीकाकू म्हणाल्या. "एकदा नाही म्हणा."

"मी नाही म्हटलं तर खरं मानाल?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

"मला काय माहीत, काका," मी म्हटलं. शिकलेलं माणूस बोलतं तसं, दोन्ही बाजू सांभाळून. खरं म्हणजे संशय मलाही होता. काकांनी आयुष्यभर भिंतींवर, रोषणाईवर, फुकटच्या चण्यांवर संशय घेतला. माणसावर घेतलेला मी बघितला नाही. तो आम्ही घेतला.

नोटिशीचं उत्तर मी लिहिलं, कारण चाळीचे सगळे अर्ज मीच लिहायची. सोमवारी ते घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले. दारावरच्या वहीत नाव लिहिलं, सही केली. क्लार्कने फाइल माझ्याकडे फिरवली. तक्रारीला फोटो जोडलेले होते आणि बघताक्षणी मला कळलं. पत्रे वरून दिसत होते. मोरीतली आमची बादली वरून दिसत होती. काका जमिनीवर उभे राहून फोटो काढायचे. हे कुणीतरी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून काढले होते. आणि चाळीमागे एवढी उंच बिल्डिंग एकच, आई कामाला जायची ती.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "आत्ता बोलू नकोस. आपली पोरं जाऊन भांडतील, माझी घरं सुटतील. काकांचं काय, एकटा जीव. त्यांना काय होणार आहे?"

आई म्हणाली म्हणून गप्प बसले, असं लिहिणं सोपं आहे. पण मीही घाबरले होते. शिवाय दोषी सापडल्यामुळे चाळ शांत झाली होती आणि ती शांतता मला बरी वाटत होती. नळावर काकांचा नंबर शेवटी गेला. त्या रविवारी हाक आली नाही. मंगळवारी काकांनी टेम्पोत सामान भरलं आणि ते आगाशीला बहिणीच्या वाडीत राहायला गेले.

त्यानंतर मोऱ्या तुटल्या. आमचं दार वडिलांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि आईने पुन्हा साडी बांधली. त्या दिवशी मला राहवेना, मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पोरं बिल्डिंगीत जाऊन भांडली. आईच्या तीन घरांपैकी एक सुटलं. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी गप्प बसले होते.

पुढच्या रविवारी आगाशी गाठली. काका केळींकडे तोंड करून पडवीत बसले होते. त्यांच्या बहिणीने चहा आणून दिला.

"काका, ते फोटो वरून काढलेले होते," मी म्हटलं. "तुमचे नव्हते."

"माहीत आहे. ऑफिसात जाऊन बघून आलो मी."

"कधी?"

"गुरुवारी." त्यांनी चहा बशीत ओतला. "म्हटलं, माझ्या आधी कुणी बघून गेलंय का बघावं. वहीची पानं उलटली. सोमवारची तुझी सही होती." मग चहावर फुंकर घातली. "मंगळवारपर्यंत थांबलो. म्हटलं, बोलेल. शिकलेली आहे."

मला कुणी शिकलेली म्हटलं की माझी मान ताठ होते. त्या दिवशी झाली नाही. माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. "चहा पी, निवतोय," म्हणाले.

आता मी नोकरी करते आणि रविवारी फिरते. काकांनी लावलेली सवय आहे, सुटत नाही. शनिवारी त्यांना फोन करते, "काका, उद्या अमुक गावचा सण आहे, येता का?" ते सगळं खोदून विचारतात. बस किती वाजता, परतीची कुठली, तुझ्याबरोबर आणखी कोण आहे. मग म्हणतात, "बघू." नाही म्हणत नाहीत.

रविवारी मी आगाशीच्या स्टॉपवर उतरते. वाडीच्या रस्त्याकडे बघत पुढची एक बस सोडून देते, मग दुसरीत एकटीच चढते.