केसरबाईचा आवाज

शिरूर कासारच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या म्हाळूची आई, केसरबाई, वारली तेव्हा तो रडला नाही. माती देऊन आल्यावर चुलीपाशी बसला आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला, "म्हाळू, भाकर खाऊन घी रं." धाकट्या भावाच्या, बंकटच्या, हातातला तांब्या खाली पडला.

म्हाळूला त्यात नवल वाटलं नाही. ऐकलेलं बोलणं लहानपणापासून त्याच्या आत जसंच्या तसं राही आणि जीव घाबरा झाला की आपोआप तोंडातून बाहेर पडे. स्वतःचे शब्द मात्र घशाशी येऊन थांबत. माणसांचे चेहरे त्याला उन्हातल्या पत्र्यागत लागत, बघवत नसत. वरातीचा बँड वाजला की कातडी सोलल्यासारखी होई. मग तो मेंढरांच्या लोकरीत तोंड खुपसून बसे.

गावात बोललं गेलं, म्हातारी पोराच्या अंगात शिरली. बंकटनं देवऋषी आणला. धूर, डफ आणि खांदे दाबून धरणारी माणसं. म्हाळू जितका तडफडे, तितका डफ वाढे. शेवटी त्याच्या तोंडून केसरबाई म्हणाली, "सोडा माझ्या लेकराला." धरणारे मागं सरले. त्या दिवसापासून म्हाळूलाही वाटू लागलं, आपल्या आत आई राहते.

पुढं बंकटची लेक ऋतुजा अंबाजोगाईला नर्सिंग शिकायला गेली. तिनं चुलत्याला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई हळू बोलल्या. याला स्वमग्नता म्हणतात, हा जन्मापासूनच असा आहे, बाहेरचं काही नाही, असं त्यांनी समजावलं. ऋतुजाचे डोळे भरून आले. म्हाळू स्वतःच्या आवाजात बोलला.

"म्हंजी, आय आत न्हाई?"

"नाही," बाई म्हणाल्या.

एसटीत तो सगळी वाट पोटाला घट्ट मिठी मारून बसला.

परवा ऊन कलताना बंकट मेंढरांपाशी आला. लांडग्याच्या वासानं कळप बिथरला, तशी केसरबाई बोलली, "बंकटा, पाय भाजतेत का रं? ये, कडंवर घेते."

बंकटला हे आठवत नव्हतं. तेव्हा तो फारच लहान असणार. तो म्हाळूशेजारी खाली बसला.

"आजून बोलू दे तिला," तो म्हणाला.

म्हाळूनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. बंकट त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.