जीपला मोठे टायर बसवले, त्याची नोंद

१४ जून, शनिवार. सकाळी उकाडा. दुपारी वावटळ. संध्याकाळी पाऊस, एकूण नऊ थेंब. (जीपच्या बॉनेटवर मोजले.)

रोज एक ओळ हवामानाची आणि एक ओळ कामाची, एवढंच वहीत लिहायचं असा माझा नेम होता. पण दारात जुनी जीप असली की नेम टिकत नाही. किस्से गॅरेजमधल्या सुट्या नटबोल्टांसारखे साठत जातात. कोणता कशाचा ते आठवत नाही, आणि फेकवत तर एकही नाही! मी ते तारखेवार लिहून ठेवले, म्हणून पानठेल्यावरची मंडळी मला ‘वहीवाले’ म्हणत.

जीप लष्करानं लिलावात काढलेली. तिचे सहा इंची टायर काढून साडेसात इंची बसवायचे, हे माझ्या डोक्यात आलं ते थोरल्या बहिणीमुळे. शांताताई उमरेडच्या पलीकडे एका खेड्यात राहते. श्रावणात गावाआधीचा नाला भरतो आणि रस्ता बंद होतो. तीन वर्षं तिची राखी पोस्टानं आली. राखी बांधल्याशिवाय ताई जेवत नाही. म्हणून आमचं पत्रानं ठरलेलं: त्या दिवशी मी बरोबर बारा वाजता इकडे राखी बांधून घ्यायची आणि बारा वाजता तिकडे तिनं पान वाढून घ्यायचं.

यंदा मी कार्ड टाकलं, ‘राखी पोस्टानं पाठवू नकोस. मोठे टायर बसवतो आहे. मी येतो.’

* * *

टायर बसवायच्या आधी मी आठ दिवस मोजमापं घेतली. मी नकाशे काढणारा माणूस, तेही कुणी न शिकवता शिकलेला. त्यामुळे आत्मविश्वास जरा जास्तच. चाकाचा, मडगार्डचा, स्प्रिंगचा, सगळ्यांचा नकाशा काढला. स्टीलची फूटपट्टी लावून इंचाचा सोळावा हिस्सासुद्धा सोडला नाही.

लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनींच्या मागे रहमतभाईंचं गॅरेज. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला, भिंतीला खिळ्यानं ठोकला आणि टायर बसवले. बसले! अगदी नकाशाबरहुकूम!

मी ऐटीत निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि खर्रर्र असा आवाज आला. टायर मडगार्डला घासत होता. उजवीकडे मात्र बिनतक्रार वळायचा. मग काय, एका डाव्या वळणासाठी तीन उजवी वळणं घेत मी धरमपेठेत घरी पोहोचलो. वेळ एक तास दहा मिनिटं. एरवी वीस.

दुसऱ्या दिवशी तसाच उजवीउजवीकडून गॅरेजात गेलो. रहमतभाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

“साहब, आपके नक्शे में गाड़ी सीधी ही जाती है!”

त्यांनी मडगार्डची कड ठोकून वाकवली. मधल्या फटीत बोटं घालून पाहिली. “दो उंगली की जगह है। पहले चार की थी। बाद में बोलना मत कि बोला नहीं।”

मी वहीत लिहिलं, ‘फट दोन बोटं. पुरेशी.’

* * *

जीप दीड इंचानं उंच झाली. ही नोंद माझी. आमच्या सौ.च्या मते दीड फूट.

तिला सीताबर्डीला साडी बदलून आणायची होती. एक पाय वर ठेवून तिनं दोनदा प्रयत्न केला. मग आत जाऊन स्वयंपाकघरातला पाट आणला, त्यावर चढली, बसली, आणि मला तो पाट उचलून मागे ठेवायला लावला. बाजारात उतरतानाही मी पाट मांडला. समोरच्या कापडदुकानातले तिघेही नोकर बाहेर येऊन पाहायला लागले.

परतताना सौ. एवढंच म्हणाली, “हत्तीवर बसवायचं होतं, तर लग्नातच बसवायचं!”

तो पाट त्या दिवसापासून जीपमध्येच राहिला. घरी मी चटईवर बसून जेवू लागलो.

* * *

आता माझी सर्वात मोठी फजिती.

आमचे देवराव आरामशीनवाले. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. त्यांच्याबरोबर लाकडं पाहायला उमरेडला गेलो. जाऊन-येऊन वहीतले मीटरचे आकडे पाहतो तर काय, एका बाजूचं अठ्ठावीस मैलांचं अंतर पंचवीसच भरलं! पुढच्या खेपेलाही पंचवीस.

मी खूश! रस्ता सरळ केला असणार, असं धरलं. मग शंका आली, म्हणून तिसऱ्या खेपेला प्रत्येक मैलाच्या दगडापाशी उतरून मीटर पाहिला. दर दगड चुकलेला! संध्याकाळी पानठेल्यावर मी जाहीर केलं की उमरेड रस्त्याचे सगळे दगड चुकीच्या जागी रोवले आहेत आणि मी संबंधित खात्याला कळवणार आहे. अर्जाचा मसुदाही वाचून दाखवला.

रहमतभाई पान लावून घेत होते. ते शांतपणे म्हणाले, “चक्का बड़ा हुआ तो चक्कर कम लगेंगे ना, साहब? मीटर तो चक्कर गिनता है।”

मी अर्जाची घडी घातली, ती पुन्हा घातली, आणि खिशात हरवेल इतकी लहान झाली तरी घालतच राहिलो.

देवरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वहीवाले भाऊ, उमरेड जवळ आणलं तं आणलं. पण मायी सासुरवाडी जवळ आणू नका गा!”

त्या रात्री मी दोन महिन्यांची सगळी अंतरं लाल शाईनं दुरुस्त केली.

* * *

स्टेपनी मात्र जुनीच होती, लहान. मोठी तिच्या जागेत बसत नव्हती.

सीताबर्डीत मागचा टायर पंक्चर झाला. लहान चाक लावलं. जीप एका अंगाला कलली, आणि मी तोल सांभाळायला दुसऱ्या अंगाला कललो. तशाच अवस्थेत भरबाजारातून चाललो होतो.

एक भाजीवाली टोपली खाली ठेवून कळवळ्यानं म्हणाली, “भाऊ, तुमच्या गाडीचा पाय मुरगळला जी!”

* * *

राखी पौर्णिमा. आदल्या दिवसापासून रिपरिप. सकाळी आठला देवरावांना घेऊन निघालो. बाराला ताईच्या पाटावर बसायचं, असा हिशेब होता. पोस्टानं राखी आलेली नव्हती, येणारही नव्हती.

साडेदहाला नाल्याशी पोहोचलो. पाणी गुडघ्याच्या वर. देवराव म्हणाले, “पाहून राहिले ना?” मी म्हटलं, “याच्यासाठीच तर बसवले!” पहिला गिअर टाकला. जीप म्हशीसारखी निवांत पाण्यातून गेली आणि पलीकडे चढली! देवरावांनी टोपी हवेत उडवली. मी वही काढून लिहिलं, ‘नाला पार. १०:४२.’

पुढे काळी माती.

वीस पावलं गेलो असू. जीप जड झाली, मग थांबली. चाकं रुतली नव्हती, फिरतच नव्हती! मडगार्डच्या त्या दोन बोटांच्या फटीत चिखल ठासून बसला होता. मी फूटपट्टीनं चारी चाकं कोरून काढली. दहा पावलं गेलो. पुन्हा तेच. पुन्हा कोरली. सहा पावलं. फूटपट्टी वाकली.

बारा वाजले. एक वाजला. मी सारखं घड्याळ पाहत होतो. देवराव म्हणाले, “पायी चला ना गा!” पण चिखलातून पाय काढला की चप्पल आत राहत होती आणि चप्पल काढायला गेलो की पाय.

दोनच्या सुमारास समोरून बैलबंडी येताना दिसली. बंडीत घोंगडीखाली शांताताई, मांडीवर झाकलेलं ताट. मागे आणखी एक बैलजोडी.

“बापू, बाराचा वायदा होता ना रे?”

मी टायरकडे बोट दाखवलं. ताईनं उतरून चाकाभोवती एक फेरी मारली. बंडीच्या चाकाकडे पाहिलं, माझ्या चाकाकडे पाहिलं.

“इतके मोठे चाक काहून लावले गा? चिखलाले बसाले जागा तं ठेवाची!”

देवरावांनी जीपमधला पाट काढून राखीसाठी बंडीत मांडला. मग दोन्ही बैलजोड्या जीपला जुंपल्या. चारी चाकं जाम असलेली जीप चिखलावरून घसरत गावात निघाली.

वहीतली त्या दिवसाची नोंद अशी:

पाऊस दिवसभर. राखी २:२० ला बांधली, बंडीत. ताई जेवली ४:०५ ला. जीप ताईच्या दारात ५:३० ला. नाल्यापलीकडे जीप अडकली तिथून ताईच्या दारापर्यंत अंतर, पावलांनी मोजून, ४१०. मीटरप्रमाणे शून्य.